त्या पाच दिवसांचा तपशील

३ मार्च

दादा,

साष्टांग वगैरे या वेळी जमणार नाही, उजवा गुडघा ऐकत नाही. उजवा हातही ऐकत नाही, हे अक्षरावरून कळलंच असेल. रोज पाच ओळी लिहायची सक्ती आहे. झाल्या.

टाचणी


५ मार्च

दादा,

परवाचं पत्र टाकलेलं नाही, तेव्हा तुला अजून काहीच माहीत नाही. सांगते.

अठरा जानेवारीला कामावर एका पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होते. हातातला ब्रश पडला. तो उचलायला वाकले आणि मीही पडले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती म्हणे. सतरा दिवस हॉस्पिटलात काढले. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं. बोलणं बोबडं झालं होतं तेही सुधारलं. आमच्या ग्रंथपालबाईंच्या मते पूर्वीपेक्षा बरं, कारण आता मी कमी बोलते. उजवी बाजू तेवढी राहिली.

त्यासाठी आठवड्यातून तीनदा फिजिओबाई घरी येतात. पन्नाशीच्या आहेत, त्यांचे स्वतःचेच गुडघे दुखतात. कुरकुरत जिना चढतात आणि दारातूनच हुकूम सोडतात. त्यांचाच हा हुकूम, रोज हाताने लिहा.

मी विचारलं, "काय लिहू?"

"काहीही. सामानाची यादी लिहा."

"एकटीचं सामान दोन ओळींत संपतं."

"मग पत्र लिहा. लिहायचं राहून गेलंय असं कुणी असेल की."

सगळ्याच पेशंटना त्या हेच सांगत असणार. नऊ वर्षं तू माझ्या वाढदिवसाला एक ओळ पाठवतोस आणि मी "आभारी आहे" म्हणते. तेव्हा राहून गेलेलं बरंच आहे. अक्षर लावता आलं नाही तर सोडून दे. तसंही मी हे टाकेन असं नाही.

टाचणी


११ मार्च

दादा,

फिजिओबाईंनी नवा नियम काढलाय. तक्रारी लिहायच्या नाहीत, त्या दिवशी जे जमलं ते लिहायचं. "तक्रारीला तोंड दिलंय की तुम्हाला," म्हणाल्या.

तर काल पेस्टचं टोपण उजव्या हाताने फिरवलं. ब्लाउजचं एक बटण लावलं, त्याला एका अख्ख्या बातमीपत्राएवढा वेळ गेला. बटण चुकीच्या काजात गेलं होतं, पण गेलं. लावलेलं बटण बघत मी बसून राहिले. आयुष्यभर दिवसाला किती बटणं लावली असतील, एकाचंही तोंड आठवत नाही.

आज त्याहून मोठं झालं. चहाचा कप उजव्या हातात धरला आणि तो गरम लागला. गेले सात आठवडे या हाताला गरम-गार कळत नव्हतं. नळाखाली धरला तर दुसऱ्याच कुणाचा हात धुतोय असं वाटायचं. आज चटका बसला. मी कप खाली ठेवला, परत धरला, परत ठेवला.

समोर ड्रायव्हरकाका बसले होते. हे खालच्या मजल्यावर राहतात, तू गेल्यानंतर आलेले. चौतीस वर्षं बस चालवली. आता सकाळ-दुपार वर येतात आणि मला घरातल्या घरात फिरवतात. स्वतः पुढे चालतात आणि पुकारतात, "पुढचा थांबा बाथरूम! उतरणाऱ्यांनी पुढे यावं!" पहिल्यांदा मला हसूही नीट येत नव्हतं, अर्धंच तोंड हसायचं. त्यांनी तेवढंही धरलं.

"भाजतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ठेवा की खाली."

"नको."

ते आपला चहा प्यायला लागले. माणूस समजूतदार आहे.

टाचणी


१९ मार्च

दादा,

मी आता आईच्या खोलीत झोपते. भावनेचा प्रश्न नाही, तिथून बाथरूम सहा पावलांवर आहे.

आडवं पडून या खोलीतून काय दिसतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी इथे नेहमी उभी असायची, हातात भांडं नाहीतर चादर घेऊन. आडवं पडलं की दिव्याच्या खांबाचं डोकं दिसतं, समोरच्या इमारतीचा तिसरा मजला आणि आभाळाचा एक तुकडा, साधारण टॉवेलाएवढा. अकराच्या सुमारास जमिनीवर उन्हाचा चौकोन येतो, पलंगाच्या पायाला चिकटतो आणि साडेबाराला कपाटाखाली जातो. समोरच्या बाई निळ्या चादरी वाळत घालतात. चिमटे तोंडात धरतात.

आई सांगायची, "समोरची आज उशिरा उठली." किंवा, "आज तिने चादर उलटी घातली." मला वाटायचं, हिला काही काम नाही. खरंच नव्हतं. तेवढंच काम उरलं होतं आणि ते ती मन लावून करायची. मी "हं" म्हणायची आणि भांडं उचलून जायची.

आज रविवार. ग्रंथपालबाई केस धुऊन द्यायला आल्या होत्या. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या बाई, पदर खोचून माझ्या डोक्यावर मग ओतत होत्या. नंतर मला पलंगावर टेकवलं आणि कपाळावरचं पाणी हाताने पुसलं.

मी म्हटलं, "तुमचा हात गार आहे."

त्यांनी झटकन हात काढून घेतला. "अगं, सॉरी हं."

"नाही नाही. बरं वाटतंय. ठेवा."

त्यांनी ठेवला. मग मला एक आठवलं. ते आज लिहीत नाही. आजच्या ओळी कधीच भरल्या आहेत.

टाचणी


२ एप्रिल

दादा,

चौदा दिवस काही लिहिलं नाही. फिजिओबाई रागावल्या. मी सांगितलं, हात दुखतो. हात दुखत नव्हता.

आई गेली त्याच्या आधीच्या पाच दिवसांबद्दल लिहायचं आहे. सलग लिहिते, मध्ये थांबले तर राहील.

शनिवारी डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर मला म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." मी हो म्हटलं. आत आले तर आईनेच विचारलं, "दादाला फोन केलास?" मी म्हटलं, "करते." संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "केला. येतोय." केला नव्हता.

रविवारी नेहमीप्रमाणे तुझा फोन आला. तुला आठवत असेल. तू विचारलंस, कशी आहे. मी म्हटलं, "ठीक आहे. आत्ताच डोळा लागलाय तिचा." तू म्हणालास, "मग उठवू नकोस. पुढच्या रविवारी बोलतो." आई जागी होती. आतून तिने विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "राँग नंबर."

सोमवारी तिने विचारलं, मंगळवारीही विचारलं. "गाडी उशिरा असेल," हे ती स्वतःच म्हणायची, मला काही बोलावंही लागायचं नाही. गुरुवारी सकाळी ती गेली. त्यानंतर मी तुला फोन केला. तू पोचलास तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

तू दारात बॅग धरून विचारलंस, "कळवलं का नाहीस?" मी म्हटलं, "अचानक झालं." मग तू विचारलंस, "माझं नाव काढलं का तिने?"

मी म्हटलं, "नाही."

तू बॅग खाली ठेवलीच नाहीस. त्याच पावली गेलास.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले की धावपळीत राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. फोन दाराजवळच्या स्टुलावर होता, दिवसातून वीसदा मी त्याच्या समोरून जात होते. कारण सांगते, ते चांगलं नाही. दर रविवारी तू वीस मिनिटं बोलायचास आणि त्या वीस मिनिटांवर आई पुढचे सहा दिवस काढायची. दादा असं म्हणाला, दादा तसा हसला, दादाकडे थंडी पडली. तिला उठवत, पुसत, भरवत होते मी. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मला वाटायचं, एकदा तरी हिने माझी वाट बघावी. पण मी घरातच होते. घरातल्या माणसाची वाट कोण बघतं?

ग्रंथपालबाईंच्या हातावरून आठवलं ते हे. त्या पाचातल्याच एका दिवशी मी आईचं तोंड पुसत होते. ती म्हणाली, "तुझा हात गार आहे." मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "मग आता हातही गरम करून आणू का?" मला ती तक्रार वाटली होती. नऊ वर्षं मी ती तक्रार म्हणूनच मनात ठेवली, तिच्या नावावर. ती तक्रार नव्हती, दादा. पडून असताना कपाळावर गार हात कसा लागतो ते मला गेल्या महिन्यात कळलं.

माफी मागत नाही. मागितली तर तिचं काय करायचं हे पुन्हा तुलाच ठरवावं लागेल. तिने तुझं नाव काढलं होतं. पाचही दिवस काढलं होतं. एवढं तुला कळायला हवं होतं.

ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून टाकणार आहे. ड्रायव्हरकाका टाकतो म्हणाले. मी नको म्हटलं.

टाचणी


४ एप्रिल

दादा,

टाकलं. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जायला पाऊण तास लागला. काका दहा पावलं मागून येत होते आणि आपण दुसऱ्याच कामाला निघालोय असं दाखवत होते. पेटीचं झाकण डाव्या हाताने उचललं तर पाकीट उजव्यात राहिलं, आणि उजवा ते सोडेना. इतके दिवस धरायला शिकवलं, सोडायला शिकवायचं राहिलं. शेवटी पाकीट दातात धरून बोटं एकेक उघडली. समोरच्या बाकावरचे एक आजोबा पेपर बाजूला ठेवून बघत होते.

आत पडल्याचा आवाज आला. परत काढता येत नाही हे टपालपेटीचं एक बरं असतं.

टाचणी


२८ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरून चाललेले नव्हते. लिहायची सवय लागली आहे म्हणून लिहिते, एवढंच.

गेल्या सोमवारपासून अर्धा दिवस कामावर जाते. ग्रंथालयाची दुरुस्तीची खोली तळघरात आहे, तू पाहिलेली नाहीस. लांब टेबल, दाबयंत्र, सरसाचा डबा, दोऱ्याची रिळं आणि फाटक्या पुस्तकांची चळत. माझ्या गैरहजेरीत चळत छताला लागली होती. पुस्तकं काय, वाट बघतात.

बाईंनी पहिल्यांदा एक नकाशांचं पुस्तक दिलं. पाठ उखडलेली, पानं सुटी. कागदाची घडी दाबायला आमच्याकडे हाडाची एक पट्टी असते, बोटाएवढी, गुळगुळीत. ती उजव्या हातात धरली. एकोणतीस वर्षं ती धरत होते तेव्हा तिला वजन आहे हे मला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत चार घड्या झाल्या. पूर्वी तेवढ्या वेळात चारशे व्हायच्या. पण या चारही मला वेगवेगळ्या आठवतात. दुसरीत एका बेटाच्या मधोमध रेघ गेली.

बाई वरून डोकावल्या. "जमतंय?"

"बेट दुभंगलं."

"चालेल. तिथे कुणी जात नाही."

सुईत दोरा ओवणं अजून जमत नाही. ते बाईंचा शिपाई ओवून देतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद होतो.

टाचणी


१६ मे

दादा,

तू येऊन गेल्याला चार दिवस झाले. झालं ते तुझ्या समोरच झालं, तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. तुझ्या बाजूने ते वेगळं दिसलं असेल.

बेल वाजली. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो, आणि तू दुसऱ्यांदा वाजवली नाहीस. मला वाटलं, गेलं जे कोण होतं ते. दार उघडलं तर तू. मी तुझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, तू माझ्या हाताकडे.

तू म्हणालास, "मी माफ करायला आलेलो नाही."

"बरं."

"हे आधीच सांगून ठेवतो."

"सांगितलंस. आता आत ये, मला फार वेळ उभं राहवत नाही."

तू सरळ आईच्या खोलीत गेलास आणि खुर्चीत बसलास. पाणी नको म्हणालास. चहा नको म्हणालास. मग म्हणालास, "शनिवारपासून सांग."

मी म्हटलं, "पत्रात लिहिलंय सगळं."

"त्यात तुझं लिहिलंयस. तिचं सांग. काय खाल्लं शनिवारी?"

"सूप."

"कसलं?"

"भाज्यांचं असेल."

"असेल नको. कसलं?"

मी आठवलं. गाजराचं होतं. तू विचारलंस, संपवलं का? मी म्हटलं, निम्मं. तू विचारलंस, कुठल्या कुशीवर झोपायची. मी म्हटलं, डाव्या. का? खिडकी त्या बाजूला आहे म्हणून. काय दिसायचं? मी खांब सांगितला, निळ्या चादरी सांगितल्या, टॉवेलाएवढं आभाळ सांगितलं. तू बूट काढलेस आणि पलंगावर डाव्या कुशीवर झोपलास. चौसष्ट वर्षांचा माणूस, पाय पोटाशी घेऊन. तुझी पाठ माझ्याकडे होती. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे तुला मोकळं वाटावं.

परत आले तेव्हा तू उठून बसला होतास. सोमवार विचारलास, मंगळवार विचारलास. मी जमेल तेवढं सांगितलं. तिने एका दुपारी पायात मोजे मागितले आणि घातल्यावर काढायला लावले. एकदा डॉक्टरांची नक्कल केली. तुझी गाडी कुठल्या स्टेशनात आली असेल ते ती मनाशी जुळवत बसायची. हे ऐकताना तू खुर्चीचा हात घट्ट धरला होतास.

"बुधवारी?"

"बुधवारचं आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"खरंच आठवत नाही रे. काही झालंच नाही त्या दिवशी."

तेव्हा तू ओरडलास. इतकी वर्षं आपण भांडलो नाही, नुसते गप्प राहिलो, त्यामुळे तुझा चढलेला आवाज मी विसरलेच होते. "तुला मिळाले होते ते दिवस, टाचणे! अख्खे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत! मला त्यातला तासभर मिळाला असता तर जन्मभर पुरवला असता. आणि तू म्हणतेस, काही झालंच नाही?"

मी म्हटलं, "मी चिडलेली होते. चिडलेल्या माणसाला काही दिसत नाही."

"मला दिसलं असतं," तू म्हणालास.

खरं आहे. तुला दिसलं असतं.

रात्री तू हॉटेलात राहिलास. सकाळी येऊन स्वयंपाकघराचा गळका नळ दुरुस्त केलास. जन्मभर शहरांना पाणी पुरवलेला इंजिनिअर, तुझ्याने ती टिपटिप ऐकवली नसेल. जाताना दारात म्हणालास, "आणखी आठवलं की लिही. दुसरं काही लिहू नकोस, तुझी खुशालीही नको. फक्त तिचं."

मी हो म्हटलं. तेव्हा या पत्रातलं हे सगळं नियमाबाहेरचं आहे. पुढच्या वेळेपासून पाळते.

टाचणी


२३ मे

दादा,

बुधवार.

दुपारी दोनच्या सुमाराची गोष्ट. मी चादर बदलायला आत आले, तर आई डोळे मिटून पडलेली आणि ओठ हलत होते. मला वाटलं, बरळतेय. जवळ गेले. ती म्हणाली, "थांब, मध्ये बोलू नकोस. चाळीस झाले."

"काय चाळीस?"

"ऐक ना."

खाली अंगणात कुणीतरी गालिचा टांगून बडवत होतं. धप, धप, धप. आई ते मोजत होती. मला चादर बदलायची होती, गॅसवर दूध होतं. तरी मी पलंगाच्या कडेला टेकले. का टेकले, माहीत नाही. पंचेचाळीसपासून आम्ही दोघी मोजायला लागलो. ती ओठांनी मोजत होती, मी मनात. साठाच्या पुढे मारणारा दमला असावा, धपके लांब लांब पडायला लागले. एकाहत्तरला थांबलं. आम्ही वाट बघितली. काही नाही.

आई म्हणाली, "संपली वाटतं धूळ."

तेवढ्यात एक शेवटचा धपका पडला, इतका जोरात की खाली कुणीतरी "अरे!" म्हणून ओरडलं.

आई हसली. आवाज फारसा नव्हता तिच्यात, पण खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. हे मी साफ विसरले होते, दादा, की त्या बुधवारी मी हसले होते. निदान पाच मिनिटं तरी मी कुणावर चिडलेली नव्हते. दूध उतू गेलं. तेही आईने वासावरून मला सांगितलं.

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "दादाला सांग हं हे. आला की पहिलं हेच सांग. माझ्याच्याने एवढं बोलणं होणार नाही."

मी म्हटलं, "सांगते."

सांगितलं.

टाचणी